दावा लावण्याआधी भावाशी बोलायचं असेल, तर ते कसं बोलायचं?

प्रश्न: आम्ही दिंडोरी तालुक्यातले. वडील जाऊन तीन वर्षं झाली. द्राक्षबाग, विहीर, घर सगळं अजून एकत्र आहे आणि व्यवहार थोरला भाऊ बघतो. दोन वर्षांपासून आमच्यात बोलणं नाही, निरोप मुलांकरवी जातात. आई भावाकडे असते. बहीण पिंपळगावला दिलेली आहे. वकील म्हणतात, वाटणीचा दावा लावा. बायको म्हणते, आधी एकदा बसून बोला. अशा प्रकरणात बोलून खरंच काही होतं का, की नुसते दिवस वाया जातात?

उत्तर:

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं, पण नुसतं ‘एकदा बसून बोला’ एवढ्यावर माझा विश्वास नाही.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि बरीच वर्षं मध्यस्थ म्हणूनही काम करते. माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब आधी कधीतरी ‘बसलेलं’ असतं. मामा बसवतो, गावातली चार माणसं बसवतात. अर्ध्या तासात आवाज चढतो, कुणाच्या तरी लग्नातला मानपान निघतो, एक जण चहा तसाच ठेवून उठतो आणि त्यानंतर घरात कायमचं ठरून जातं की बोलून पाहिलं, काही फायदा नाही. खरं तर ते बोलणं कुणी आखलेलंच नव्हतं. माणसं मनातलं आपोआप बोलत नाहीत, विशेषतः ज्यांच्यावर राग आहे त्यांच्यापुढे. कोण बसणार, कुठे, कोणत्या दिवसांत, आधी कोण बोलणार, समोर कोणते कागद असणार हे ठरवून घेतलं तरच मोकळं बोलणं होतं. तेवढी मेहनत घेतली तर वाटणीच्या भांडणात बोलण्याइतकं भक्कम साधन दुसरं नाही, हे मी ठामपणे सांगते.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. बागलाणात मोसम, आरम या नद्यांवर जुन्या बंधाऱ्यांची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात. त्यामुळे कुणी कायमचा वरच्या तोंडाला आणि कुणी कायमचा शेपटाला असं होत नसे. पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, शेतकऱ्याने स्वतः दारं मोडायचं नाही. पाऊस कमी झाला की सगळ्यांनी एकत्र बसून यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता सोडायचा ते ठरवायचं. त्या माणसांचं एकमेकांवर फार प्रेम होतं असं मी समजत नाही. भाऊबंदकी तिथेही होतीच. पण बसण्याची रीत ठरलेली होती आणि तिच्यामुळे पाण्यासारखी जीवघेणी गोष्ट वाटून घेता आली.

तुमच्या दिंडोरीतलंच वाघाड घ्या. या धरणाच्या कालव्याच्या शेवटाला ओझर. वरच्यांनी पाणी घेतलं की खाली पोचायचंच नाही. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांच्या महासंघाकडे आलं. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा २००५ सालचा आहे. वाघाडची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून बैठका घेत होती. तोंडाकडचा आणि शेपटाकडचा शेतकरी समोरासमोर बसून पाण्याचा हिशोब करू शकतो, तर एका आईचे दोन मुलगे नक्की करू शकतात. फक्त हिशोब समोर हवा.

म्हणून पहिलं काम कागदांचं. भावाला भेटण्याआधी सगळ्या गटांचे सातबारे, आठ-अ, वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार, विकास सोसायटीच्या आणि बँकेच्या कर्जाचे उतारे, विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल, गेल्या तीन हंगामांत व्यापाऱ्याने दिलेल्या पट्ट्या, औषधं-खतांच्या दुकानाची उधारी गोळा करा. जे तुमच्या हातात नाही ते भावाकडे मागा, पण संशयाच्या सुरात मागू नका. आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढून एक त्याला द्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण अशा घरांत निम्मं भांडण कुणीच न पाहिलेल्या आकड्यांवर चाललेलं असतं. धाकट्याला वाटतं भावाने बागेचे पैसे दाबले. थोरला मनात म्हणतो, व्यापारी पैसे बुडवून पळाला तेव्हा सोसायटीच्या दारात मी एकटा उभा होतो, तेव्हा हा कुठे होता? दोघांचंही खरं असू शकतं. तेच उतारे दोघांसमोर आले की आवाज खाली येतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

दुसरा प्रश्न माणसांचा, आणि इथेच बहुतेक बैठका फसतात. ‘आम्हा दोघा भावांचं आहे’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण प्रश्नाचा सूर तसाच आहे. हे दोघांचं नाही. तुमची बहीण आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात हेही स्पष्ट केलं की, दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. तुमच्या आईचाही हिस्सा आहे. नेमका किती, ते जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली यावर ठरेल आणि ते वकिलाकडून लिहून घ्या. पण या दोघींना वगळून केलेली वाटणी कच्ची राहते, एवढं पक्कं समजा.

बहिणीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण या विषयावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. रीत अशी पडली आहे की हक्कसोड पत्र तयार करायचं, बहिणीला निबंधक कार्यालयात बोलवायचं, सही घ्यायची, साडी-चोळी करायची आणि पुढच्या आखाजीला माहेरी यायचं आमंत्रण द्यायचं. तिला कुणी काही विचारतच नाही. एका कुटुंबात बहिणीने सही नाकारली आणि दोन्ही भाऊ, जे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, तिच्याविरुद्ध एक झाले. मी तिच्याशी स्वतंत्र बसले. तिला जमीन कसायची नव्हती. तिच्या नवऱ्याचं आजारपण निघालं होतं, दोन वर्षं ती पैशांच्या ओढीत होती आणि माहेरच्या एकाही माणसाने त्याची चौकशी केली नव्हती. तिला आपण या घरातले आहोत हे कुणीतरी बोलून दाखवायला हवं होतं, आणि त्याबरोबर तिच्या हक्काची रास्त किंमतही हवी होती. शेवटी भावांनी तिला हप्त्याने रक्कम द्यायचं लिहून दिलं आणि मग तिने हक्क सोडला. लक्षात घ्या, नुसत्या गोड बोलण्यावर ते मिटलं नाही आणि नुसत्या रकमेवरही मिटलं नसतं. तुमच्या बहिणीला सही मागायला जाऊ नका. तिला बैठकीला बोलवा आणि तिचं म्हणणं तिच्या तोंडून ऐका. ती पूर्ण हिस्सा मागेल, तर तो तिचा आहे.

दोघी जावांनाही बसवा. कायद्याने त्यांचा या वाटणीत हिस्सा नसतो, पण बागेत राबतात त्या, आणि दिवसा बैठकीत ठरलेलं रात्री घरी टिकणार की मोडणार हेही त्यांच्यावर अवलंबून असतं. ज्या बाईला विचारलं नाही तिने ते का पाळावं?

मामांचा मान ठेवा, पण मध्यस्थ म्हणून बसवू नका. ज्याला उद्या तुमच्यापैकी एकाच्या मुलीच्या लग्नात मिरवायचं आहे, त्याच्याकडून तटस्थपणा मागणं हे त्याच्यावरही अन्याय करणारं आहे. दोघांच्या विश्वासाचा पण दोघांच्या व्यवहारात नसलेला माणूस हवा. निवृत्त शिक्षक चालतील, तुमच्या सोसायटीचे जुने सचिव चालतील. तसं कुणी नसेल तर प्रशिक्षित मध्यस्थ मिळतात, त्याकडे पुढे येते.

आता वेळ आणि जागा. आपल्याकडे वाटणीचा विषय हमखास दशक्रियेच्या दिवशी निघतो. रामकुंडावरून विधी उरकून माणसं आलेली असतात, सगळे भाऊबंद जमलेले असतात आणि कुणीतरी म्हणतं, आता सगळे आहातच तर विषय मार्गी लावू. त्या दिवशी कुणाचंही मन थाऱ्यावर नसतं. तेव्हा बोललेलं माणूस आयुष्यभर विसरत नाही. वर्षश्राद्ध, लग्न, साखरपुडा हेही दिवस टाळा. तुमची बाग आहे, म्हणजे ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत दोघांच्याही डोक्यावर डाऊनी रोग, अवकाळी पाऊस आणि मजुरांची टंचाई असणार. त्या काळात बैठक ठेवू नका. काढणी संपल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी जे दोन-तीन आठवडे मिळतात ते उत्तम. माल गेलेला असतो, पैसे किती आले ते कळलेलं असतं आणि पुढच्या हंगामाचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न दोघांपुढे खरोखर उभा असतो.

जागा भावाचं घर नको, तुमचंही नको. शेतावर तर अजिबात नको, कारण बांध समोर दिसत असताना माणूस बांधाबद्दलच बोलतो. शाळेची एखादी खोली, मंदिराचा सभामंडप, ओळखीच्या माणसाचं कार्यालय यांपैकी काहीही चालेल. संध्याकाळी उशिरा बसू नका आणि दारू घेतलेल्या माणसाबरोबर बसू नका, तो कितीही शांत दिसला तरी.

बैठकीत काय करायचं? पहिल्या दिवशी वाटणीबद्दल एक शब्दही काढायचा नाही. प्रत्येकाने वडील गेल्यापासून आपल्यावर काय आलं ते सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. एकाचं झालं की दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि पहिल्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हटल्यावरच आपलं सुरू करायचं. वाचताना हे पोरखेळ वाटेल. करून बघा, किती अवघड आहे ते कळेल. पहिल्या खेपेला माणसं समोरच्याचं म्हणणं सांगतच नाहीत, त्यातच आपलं उत्तर मिसळतात. ‘तू म्हणतोस की तू एकट्याने कर्ज फेडलं, पण...’ इथे ‘पण’ आला की थांबवायचं आणि पुन्हा सांगायला लावायचं. भल्याभल्यांना तीन-चार वेळा करावं लागतं. आणि ज्या क्षणी थोरल्या भावाला धाकट्याच्या तोंडून ‘व्यापारी पळाला त्या वर्षी तू रात्र-रात्र झोपला नाहीस आणि मी साधी चौकशी केली नाही असं तुला वाटतं’ हे ऐकू येतं, तिथून बोलण्याची दिशा बदलते. त्याने ते मान्य केलं असं नाही. ते त्याच्यापर्यंत पोचलं, एवढंच. बहुतेकांना दोन वर्षं तेवढंच हवं असतं.

दुसऱ्या बैठकीत मागण्या. मागणी आली की एकच प्रश्न विचारत राहायचा: हे तुला कशासाठी हवंय? निफाडकडच्या दोन भावांना रस्त्याकडचा एकच तुकडा हवा होता. दोघांचे वकील तयार होते, मोजणीचे पैसे भरलेले होते. विचारत गेल्यावर कळलं की धाकट्याला माल भरायला गाडी थेट बागेपर्यंत यायला हवी होती आणि थोरल्याला त्या तुकड्यातली विहीर हवी होती. मग तुकडा धाकट्याला, मागून कायमचा गाडीरस्ता दोघांना, विहीर सामाईक आणि पाण्याची पाळी लेखी, असं ठरलं.

पाळीवर मात्र पुन्हा अडलं. एकाने सोमवार ते बुधवार घ्यायचं, दुसऱ्याने गुरुवार ते शनिवार, असं कुणीतरी सुचवलं होतं. पण शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी फिरते. वार बांधून दिले तर कोण रात्री बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणार, हे वेळापत्रकावर राहतं. तेव्हा दोघांच्या बायकांनी मिळून तोडगा काढला: दिवसाची वीज आणि रात्रीची वीज वेगळी मोजायची आणि दोन्ही निम्मी-निम्मी वाटायची. मी कायदा शिकले आहे, पण हे मला सुचलं नसतं. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात तर ते कधीच आलं नसतं. न्यायाधीश हिस्सा ठरवू शकतात. मोटार रात्री कुणी सुरू करायची ते त्या घरातल्या माणसांनाच ठरवता येतं. बोलण्याची खरी किंमत मला इथे दिसते.

ठरलेलं लगेच लिहा, घरच्या मराठीत, दिवस-तारीख घालून. मग वकिलाकडून त्याचं रीतसर वाटणीपत्र करून नोंदणी करा, किंवा सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात बसतं का तेही आधी तपासून घ्या. कर्ज कुणाच्या वाट्याला गेलं ते लिहायला विसरू नका. लोक जमीन लिहितात आणि कर्ज तोंडी ठेवतात.

आता बोलणं कुठे थांबवायचं तेही सांगायला हवं, कारण ‘बसून मिटवा’ हा सल्ला दुबळ्या माणसाच्या गळ्यात बांधला जातो हेही मी पाहते. नाशिककरांनी १९३० विसरू नये. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्चला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. रामनवमीला रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा अशी तडजोड झाली. प्रत्यक्षात सत्याग्रहींना रथाला हात लावू न देता तो पळवला गेला आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे जवळपास पाच वर्षं चालला. तो माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा लढा होता, त्याची घरातल्या वाटणीशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण मध्यस्थ म्हणून मी त्यातून एक गोष्ट घेते: समोरचा तुम्हाला बरोबरीचा मानायलाच तयार नसेल, तर त्याच्याशी झालेली तडजोड कागदावरच राहते आणि तुम्हाला हक्कासाठी दुसरा मार्ग धरावाच लागतो.

म्हणून घरात मारहाण होत असेल, आईला किंवा बहिणीला धमकावून अंगठा घेतला जात असेल, तर बैठक घेऊ नका, संरक्षण मागा. भाऊ जमीन परस्पर विकायला निघाला असेल तर आधी दावा लावून मनाई हुकूम घ्या आणि मग बोला. दावा लावला म्हणजे बोलण्याचं दार बंद झालं असं नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायालय स्वतःच प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतं. तुमच्या प्रश्नात असा धोका मला दिसत नाही. भाऊ गप्प आहे, पण व्यवहार उघड चालू आहेत आणि आई त्याच्याकडे नीट आहे. त्यामुळे तुम्ही बोलण्यापासून सुरुवात करू शकता.

बोलून प्रेम परत येतं का, असंही पुष्कळ जण विचारतात. काही घरांत येतं, सगळ्या घरांत येत नाही. माझ्यासमोर मिटलेल्या कितीतरी प्रकरणांत भाऊ आजही एकमेकांच्या घरी दिवाळीला जात नाहीत. पण मोटारीची पाळी चुकत नाही, मुलं एकाच गाडीने शाळेत जातात आणि बहिणीला माहेरी आल्यावर कुणाच्या घरी उतरायचं याची भीती वाटत नाही. मला ते पुरेसं मोठं वाटतं.

सुरुवात निरोपाने करा, पण मुलांकरवी पाठवायचा नाही. मुलांना या कामातून आजच मोकळं करा. स्वतः फोन करा किंवा स्वतःच्या हाताने लिहून द्या. त्यात हिस्सा, हक्क, वकील यातलं काही नको. साधारण असं: ‘भाऊ, काढणी झाली की मला तुझ्याशी आणि ताईशी बसायचं आहे. तीन वर्षांत तू काय काय ओढलंस ते मला ऐकायचं आहे आणि माझंही सांगायचं आहे. कागदांच्या प्रती मी दोघांसाठी काढतो. जागा आणि माणूस तू सुचव.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ज्याने माणूस सुचवला तो सहसा बैठकीला येतो.

तो महिनाभर काहीच बोलला नाही, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीचा साधा अर्ज द्या. ते भावाला पत्र पाठवून बोलावतात. तिथे बोललेलं गोपनीय राहतं, पुढे खटला झाला तरी ते पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे भावाला ‘आज बोललो तर उद्या माझ्यावरच उलटेल’ अशी धास्ती बाळगायचं कारण नाही, आणि हे त्याला आधीच कळू द्या. तुमच्या आईला आणि बहिणीला स्वतःचा वकील हवा असेल तर महिलांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं; राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी १५१०० आहे. भाऊ तिथेही आला नाही, तर अर्ज तडजोड न होता बंद होतो आणि दावा लावण्याचा तुमचा हक्क आज आहे तसाच राहतो.